वायरलेस इअरबड्सच्या आत काय काय बसवलंय : कौतुकाचा धागा

वर्धारोडकर

हा धागा खरेदीच्या सल्ल्यासाठी नाही. दोन हजारांत कोणता घ्यावा, कोणाचा बेस चांगला, यावर इथे भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते त्या इवल्याशा डबीत आणि दोन बड्समध्ये जे काही बसवलंय त्याबद्दल.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. ओळखीचे लोक बंद पडलेल्या जोड्या आणून देतात, त्या मी लॅबमध्ये मुलांसमोर उघडतो. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला : "सर, वायर नाही तर आवाज येतो कसा?" त्याचं उत्तर सोपं आहे, रेडिओ. मला जास्त भारी वाटतो तो प्रश्न दुसराच. दोन कानांत दोन स्वतंत्र यंत्रं आहेत, त्यांच्यात एक तारही नाही, मग ती दोन्ही अगदी एकाच क्षणी वाजतात कशी?

हे किती अवघड आहे ते सांगतो. आवाज कुठून आला हे मेंदू ठरवतो तो बरंचसं दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून. अगदी उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला साधारण ६५० मायक्रोसेकंद उशिरा मिळतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. आवाज समोरून येत असेल तर १० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकही माणसाचं कान-मेंदूचं तंत्र पकडतं. म्हणजे गाणं ऐकताना गायिका डोक्याच्या मधोमध उभी आहे असं वाटायचं असेल, तर दोन्ही बड्सना इतक्या बारीक हिशेबानं एकमेकांशी जुळवून घ्यावं लागतं.

आता प्रत्येक बडमध्ये स्वतःचं घड्याळ असतं, एक क्वार्ट्झ क्रिस्टल. कोणतेही दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. दोघांत दहा लाखांत २० भागांचा फरक धरा, हा काही वाईट क्रिस्टल नव्हे. तरी दर सेकंदाला दोन कान २० मायक्रोसेकंदांनी फाकणार. मिनिटाला १.२ मिलिसेकंद. गाण्याचं धृपद दुसऱ्यांदा येईपर्यंत गायिका मधून सरकून एका कानात जाऊन बसेल. शिवाय क्रिस्टलचा वेग तापमानानं बदलतो. संध्याकाळी आपल्या नागपुरात वर्धा रोडवर खापरीच्या दिशेनं चालत असाल तर मावळतीचं ऊन फक्त उजव्या बडवर पडतं. दोन घड्याळं, दोन तापमानं.

यावरचा उपाय असा की दोघांपैकी कोणीच स्वतःच्या घड्याळावर शेवटचा विश्वास ठेवत नाही. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये फोनचं घड्याळ प्रमाण मानलं जातं. ६२५ मायक्रोसेकंदांच्या खाचांमध्ये वेळ विभागलेली असते आणि प्रत्येक पॅकेट, म्हणजे गाण्याचा छोटा तुकडा, ठरलेल्या खाचेतच सुरू होतं. पॅकेट अपेक्षेपेक्षा किंचित आधी आलं की किंचित नंतर, हे मोजून बड स्वतःची चाल दुरुस्त करत राहतो. गाणं चालू असेपर्यंत हे अखंड सुरू. ऐकणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, आणि लागू नये यासाठीच कोणीतरी कित्येक रात्री जागलेलं असणार.

तुम्हाला यातला कोणता भाग भावतो तो लिहा.

प्रतापनगरकर

सर, मस्त धागा. एक शंका. माझ्या जुन्या जोडीत उजवा बड केसमध्ये ठेवला की डावा पण बंद व्हायचा. नव्या जोडीत कोणताही एकच वापरता येतो. मग फोन दोघांशी वेगवेगळा बोलतो का?

मिहान_आरएफ

याचं उत्तर मी देतो, अँटेना आणि रेडिओ हेच माझं काम आहे.

ब्लूटूथवर गाणी पाठवायची जुनी पद्धत बनली तेव्हा एक फोन आणि एक हेडसेट एवढंच गृहीत होतं. दोन वेगळे कान हा प्रकारच त्यात नव्हता. म्हणून सुरुवातीच्या जोड्यांमध्ये एक बड मुख्य असे. फोन त्याला गाणं द्यायचा आणि तो दुसऱ्याच्या वाट्याचं पुढे पाठवायचा. तुमच्या जुन्या जोडीत उजवा मुख्य होता, तो झोपला की डाव्याला माल मिळणं बंद.

यातली खरी अडचण म्हणजे आपलं डोकं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरी पाण्यात चांगल्याच शोषल्या जातात. डोक्यात मुख्यत्वे पाणीच. एका कानातून दुसऱ्या कानात सरळ आरपार लहर जवळजवळ पोचतच नाही. ती कातडीच्या कडेनं वळसा घेत जाते, नाहीतर भिंतीवर आपटून परत येते. बंद खोलीत जोडी व्यवस्थित चालते आणि कस्तुरचंद पार्कच्या मोकळ्या मैदानात तुटक वाजते, याचं कारण बऱ्याचदा हेच. मैदानात परत पाठवायला भिंतच नसते.

काही कंपन्यांनी मग दोन कानांमधल्या दुव्यासाठी रेडिओ लहर सोडून चुंबकीय क्षेत्र वापरलं. १० मेगाहर्ट्झच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र शरीरातून सहज जातं. अंतर मात्र फार कापत नाही, पण इथे जायचं तरी किती, एका कानापासून दुसऱ्यापर्यंत. श्रवणयंत्रांत हे तंत्र आधीपासून होतं.

नंतरची युक्ति मला सगळ्यात आवडते. फोनला वाटतं आपण एकाच हेडसेटशी बोलतोय. प्रत्यक्षात दुसरा बड त्याच पॅकेटांवर गुपचूप कान ठेवून असतो. मुख्य बडनं त्याला आधीच सांगितलेलं असतं की पुढची उडी कोणत्या चॅनेलवर आहे आणि कुलूपबंद पॅकेट उघडायची किल्ली काय आहे. गाणं दोघंही थेट फोनकडून घेतात, आणि एखादं पॅकेट एकाला मिळालं नाही तर फोनकडून परत मागवतात. त्यामुळे गरज पडेल तशी मुख्यपदाची अदलाबदलही करता येते. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या ब्लूटूथ ५.२ मध्ये दोन कानांना दोन स्वतंत्र, पण वेळेनं बांधलेले प्रवाह देण्याची सोय प्रमाणातच आली. आता त्याला एलई ऑडिओ म्हणतात.

उमरेड_रोड

उडी म्हणजे? चॅनेल बदलत राहतात का?

मिहान_आरएफ

हो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये १ मेगाहर्ट्झचे ७९ चॅनेल असतात आणि सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलता येतो. कोणत्या क्रमानं, ते फक्त त्या जोडीला ठाऊक. ज्या चॅनेलवर वायफायचा गोंधळ असेल तो यादीतून काढूनही टाकतात.

सीताबर्डी इंटरचेंजला ऑफिस सुटायच्या वेळी उभे राहून बघा. ऑटोमोटिव्ह चौकाकडून आलेली गाडी, प्रजापतीनगरकडून आलेली गाडी, जिन्यावर दोन्हीकडची गर्दी. प्रत्येकाच्या खिशात फोन, कित्येकांच्या कानात बड, वर स्टेशनचं वायफाय. सगळे त्याच ८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतायत आणि तरी प्रत्येकाला आपापलंच गाणं ऐकू येतं. अधूनमधून टक्कर होते, पॅकेट वाया जातं, ते पुन्हा पाठवलं जातं. त्यासाठी बडमध्ये थोडं गाणं आधीच साठवून ठेवलेलं असतं. म्हणून आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे असतो. सिनेमात हे जाणवत नाही, कारण किती उशीर आहे ते फोनला माहीत असतं आणि प्लेअर चित्रही तेवढंच थांबवतो. गेम खेळताना चित्र थांबवून चालत नाही, म्हणून तिथे खटकतं.

अजून एक सांगायचं तर ती दांडी. पुष्कळांना ती दिसायला आवडत नाही. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा पाव म्हणजे तीन सेंटिमीटरच्या थोडं वर. साध्या अँटेनाला तेवढी लांबी लागते. दांडीत ती जवळजवळ सरळ बसते, शिवाय कानापासून जरा दूर राहते आणि माइक तोंडाच्या दिशेला सरकतो. दांडी नसलेल्या गोल बडमध्ये हीच अँटेना प्लास्टिकच्या वळणावर लेझरनं रेघ काढून, त्या रेघेवर तांबं चढवून करतात. दोन्ही प्रकार बघण्यासारखे. मला स्वतःला दांडीवाली रचना जास्त प्रामाणिक वाटते.

त्रिमूर्तीनगर_मेघा

मला तांत्रिक फार कळत नाही, पण घरातलं निरीक्षण सांगते. एप्रिलपासून आमचा खिडकीतला कूलर दिवसरात्र सुरू असतो. मुलगी बारावीला आहे, तिनं नॉइज कॅन्सलेशनवाले घेतले. ती म्हणते कूलरची घरघर जवळपास नाहीशी होते, पण स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी बऱ्यापैकी येतेच. दोन्ही आवाजच ना? मग एक जातो आणि एक का राहतो?

वर्धारोडकर

मेघाताई, याहून चांगलं उदाहरण मला वर्गात कधी सापडलं नसतं. जरा लांबण लागेल.

आधी कूलर. आपल्याकडच्या कूलरची मोटर चार पोलची धरा. ५० हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला १४०० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे सेकंदाला साधारण २३. पाच पात्यांचा पंखा असेल तर सेकंदाला सुमारे ११७ वेळा पातं एका जागेवरून जातं. ती आपली घरघर, ११७ हर्ट्झ. तिची एक लहर तीन मीटर लांब. संथ, आणि मुख्य म्हणजे तासन्‌तास तशीच. कुकरची शिट्टी काही हजार हर्ट्झची आणि अचानक येणारी.

आता बड काय करतो? बाहेरच्या बाजूचा माइक आवाज आधी ऐकतो. चिप त्याची उलटी प्रत तयार करते. जिथे हवेचा दाब वाढणार तिथे तो तेवढाच कमी करायचा. ती प्रत स्पीकरमधून सोडली की दोन्ही मिळून शांतता. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. पण तेव्हा ती करून दाखवण्याइतकी चपळ इलेक्ट्रॉनिक्स नव्हती. पुढे अमर बोस यांनी १९७८ मध्ये विमानप्रवासात यावर गणित मांडायला सुरुवात केली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीनं वैमानिकांसाठी हेडसेट आणला. त्यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, ब्रिटिशांच्या हातून निसटून अमेरिकेत गेलेले.

अवघड भाग वेळेचा. बाहेरच्या माइकपासून कानाच्या पडद्यापर्यंत आवाजाला दोन-अडीच सेंटिमीटर जायचंय, त्याला ७० मायक्रोसेकंद लागतात. चिपला एवढीच मुदत. सीडीच्या दर्जाचा साधा ऑडिओ दोन नमुन्यांच्या (आवाजाच्या मोजमापांच्या) मध्येच २३ मायक्रोसेकंद खर्च करतो, आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारे नेहमीचे कन्व्हर्टर तर शेकडो. म्हणून या कामासाठी चिपमध्ये खास वेगळी, घाईची वाट काढलेली असते, गाण्याच्या वाटेपासून निराळी.

समजा उलटी प्रत ५० मायक्रोसेकंद चुकली. ११७ हर्ट्झच्या घरघरीत ही चूक एका पूर्ण चक्रातल्या फक्त २ अंशांची, म्हणजे नगण्य. ३००० हर्ट्झच्या शिट्टीत तीच चूक ५४ अंशांची होते, आणि मग वजाबाकी जवळपास होतच नाही. ६० अंशांच्या पुढे गेलं तर आवाज उलट वाढतो. म्हणून डिझाइन करणारे लोक एका मर्यादेवर हे काम मुद्दाम थांबवतात. वरचे आवाज अडवायचं काम सिलिकॉनच्या टोपीवर सोपवतात, तिला ते जमतंही. तरी शिट्टी इतकी तीव्र की थोडी येणारच.

एक नागपुरी भर. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. डिसेंबरच्या रात्री १२ अंशांना तो सेकंदाला ३३९ मीटरच्या आसपास, मेच्या दुपारी ४५ अंशांना ३५८. एवढ्या छोट्या अंतरात त्यानं फार बिघडत नाही. त्यापेक्षा बड कानात जरासा सैल बसला तर जास्त बिघडतं. त्यासाठी आतल्या बाजूला दुसरा माइक असतो. कानात प्रत्यक्ष काय उरलं ते तो ऐकतो आणि चूक परत चिपला सांगतो. बाहेरचा माइक अंदाज बांधतो, आतला तपासतो.

त्रिमूर्तीनगर_मेघा

वाचून दाखवलं. मुलगी आता कूलरच्या पंख्याची पाती मोजून आली, चार आहेत म्हणे.

वर्धारोडकर

मग ९३ हर्ट्झ. आणखी सोपं काम!

श्रवणा

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, धंतोलीत बसते. कानाच्या बाजूनं लिहिते.

कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला बंद. त्यामुळे ३००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज ती नैसर्गिकरीत्या वाढवून पडद्याला देते. आपण जन्मापासून याच वाढीला सरावलेले असतो. बड घातला की नळीचं तोंड बंद होतं आणि ही वाढ बदलते. म्हणून बडमधून सपाट आवाज सोडून चालत नाही, जे गेलं ते आधीच मिसळून द्यावं लागतं. चांगल्या जोडीचा आवाज 'नैसर्गिक' वाटतो त्यामागे हे भान असतं.

दुसरं, तोंड बंद झालं की स्वतःचा आवाज घुमतो, चावण्याचा आवाज मोठा येतो. हाडांमधून नळीत आलेले खालचे सूर बाहेर पडायला जागा उरत नाही. नीट बघाल तर बडवर जाळी लावलेलं एक बारीक छिद्र असतं. बऱ्याच जणांना तो माइक वाटतो. पुष्कळदा ते दाब सोडण्यासाठीच असतं. ते फार मोठं केलं तर बेस गळतो, फार लहान केलं तर कान दडपतो. मधलं माप काढायला किती नमुने कानात घालून पाहिले असतील याची मला कल्पना येते, कारण श्रवणयंत्राच्या मोल्डमध्ये आम्हीही हेच छिद्र कमीजास्त करत बसतो.

नॉइज कॅन्सलेशनचं मला वैद्यकीय दृष्टीनंही कौतुक आहे. बाहेरचा गोंगाट कमी झाला की माणूस आवाज आपोआप खाली ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतं. ९० डेसिबल असेल तर तीच मुदत ४ तासांवर येते. मेट्रोत किंवा बसमध्ये साध्या बडवर लोक कुठवर आवाज चढवतात ते मी रोज ऐकते.

आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) ॲपलच्या एअरपॉड्स प्रो या इअरबड्सच्या दुसऱ्या पिढीसाठी श्रवणयंत्राचं सॉफ्टवेअर मंजूर केलं, अठरा वर्षांवरच्या आणि सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्यांसाठी. श्रवणयंत्राकडे पाहून लाजणारे आजोबा इअरबड घालायला तयार होतात, हे माझ्या दृष्टीनं फार मोठं आहे. मात्र अचानक एका कानानं कमी ऐकू आलं तर बड घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

बर्डीचा_रिपेअरवाला

सर, मॅडम, तुम्ही लोकांनी लय भारी लिहून राहिले. मी बर्डीवर मोबाइल रिपेअरिंग करतो, बड्स पण उघडतो. आतलं दिसते कसं ते सांगतो.

पहिले तर माइक. तुरीच्या डाळीच्या दाण्यापेक्षा लहान डबी राहते, लांबी साडेतीन मिलिमीटर. आत सिलिकॉनचा पडदा, मायक्रोस्कोपखाली पण आतला पडदा दिसत नाही, वरचं छिद्र तेवढं दिसते. हे माइक एका बडमध्ये दोन-तीन. बोर्ड साफ करताना त्या छिद्रात लिक्विड गेलं का माइक गेला. म्हणून मी पहिले छिद्रावर टेप लावतो, मंग आयपीए, म्हणजे सफाईचं अल्कोहोल.

बॅटरी. गोल बड असला तर बटणासारखा सेल, त्याच्यावर १२५४ लिहून राहते. बारा मिलिमीटर व्यास, ५.४ मिलिमीटर उंची. साठेक मिलिअँपिअर-तास. याच्यात लिथियमचा पूर्ण गुंडाळा भरला आहे, वर स्टीलची टोपी. पट्ट्या वेल्ड केल्या राहतात. सेलवर सरळ सोल्डर मारायचा नाही, सील गरम होऊन लीक होते. पट्टीवर मारायचा. हे घरी करून पाह्यणाऱ्या पोरांना मी पहिले सांगतो.

केसमध्ये मला जे आवडते ते म्हणजे पिना. बडला दोनच टिपके, प्लस आणि मायनस. पण बऱ्याच मॉडेलमध्ये त्याच दोन टिपक्यांवरून चार्जिंग पण होते आणि केस अन्‌ बडचं बोलणं पण होते. झाकण उघडलं, बॅटरी किती, उठ, झोप, सगळं तिथूनच. लोकं म्हणतात एक बड चार्ज होत नाही, बदलून द्या. दहातले अर्धे तर नुसते घामाचं मीठ साचून राहते पिनेवर. कापसाच्या काडीनं पुसलं का चालू. त्याचे मी पैसे घेत नाही.

आणि उन्हाळ्यात केस गाडीच्या डिक्कीत ठेवू नका बाप्पा. मेमध्ये डिक्की काय तापते माहीत आहे सगळ्यांना. सेल फुगून येतात माझ्याकडे.

मिहान_आरएफ

भाऊंच्या शेवटच्या मुद्द्याला जोड : लिथियम-आयन सेल चार्ज करायची वरची मर्यादा सहसा ४५ अंशांची असते. आपल्याकडे मेमध्ये सावलीतलं तापमानच तिथे जातं. चांगल्या केसमध्ये तापमान मोजणारा छोटा थर्मिस्टर असतो आणि तो चार्जिंग थांबवतो. दुपारी 'केस चार्ज होत नाही' वाटलं तर आधी ती थंड होऊ द्या.

आणि त्या साठ मिलिअँपिअर-तासांवर हिशेब करून पाहा. सहा तास वाजायचं तर सरासरी १० मिलिअँपिअर, म्हणजे ३७ मिलिवॅट. त्यात रेडिओ, दोन-तीन माइक, नॉइज कॅन्सलेशनचं गणित आणि स्पीकर, सगळं. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब याच्या जवळपास अडीचशे पट खातो.

हिंगणा_मोल्डर

मी प्लास्टिक मोल्डिंगमध्ये आहे. बाकीचे चिपबद्दल बोलतायत, मी त्या पांढऱ्या कवचाबद्दल बोलतो. बडच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा नखाला लागत नाही. मोल्डमधून निघालेलं प्लास्टिक थंड होताना आकसतं, जाड भागात जास्त, पातळ भागात कमी. हा आकार सगळा वक्र, एकही सपाट बाजू नाही जिथून माप घ्यावं. तरी लाखोंनी निघणारे तुकडे एकमेकांवर बसतात. पॉलिश असं की हात लावलेला दिसतो. मोल्ड बनवणाऱ्या कारागिराला माझा नमस्कार.

केसचं झाकणही तसंच. बिजागरीला थोडा ताण, त्यात चुंबक. विशिष्ट कोनापर्यंत झाकण परत मिटतं, त्यापुढे आपोआप उघडतं. बड सोडला की चुंबक त्याला ओढून पिनेवर नेमका बसवतो. अंधारात, न बघता.

पण एक गोष्ट मला पटत नाही आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही. हे सगळं डिंकानं किंवा अल्ट्रासॉनिक वेल्डनं कायमचं बंद का? दोन-तीन वर्षांत सेल थकतो. बाकी सगळं धडधाकट असताना जोडी फेकायची? इतकं सुंदर काम फेकण्यासाठी करायचं, हे चांगलं डिझाइन म्हणायला मी तयार नाही.

प्रतापनगरकर

पण डिंक नसेल तर घाम आत जाईल ना? आपल्याकडे तर घामाच्या धारा लागतात.

वर्धारोडकर

मोल्डरभाऊंशी मी पूर्ण सहमत आहे. घामाची सबब मला आता अपुरी वाटते. फेअरफोन कंपनीनं २०२४ मध्ये फेअरबड्स आणले. त्यांत बडची आणि केसची बॅटरी घरच्या घरी बदलता येते, आणि तरी धूळ-पाण्यापासून आयपी५४ इतकं संरक्षण आहे. रबराच्या बारीक कड्या वापरून हे जमतं. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला काढता यायला हवी. एका बाजारासाठी मोल्ड बदलला की तोच माल दुसरीकडेही येईल, अशी मला आशा आहे. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचरा नियम उत्पादकावर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी टाकतात, पण तेवढ्यानं बड उघडता येत नाही.

कौतुक आणि ही तक्रार मला एकाच धाग्यात हवी होती. ज्याला आतली कारागिरी दिसते त्यालाच ती फेकताना जास्त लागतं.

बर्डीचा_रिपेअरवाला

सर, डिंकवाले पण सगळेच बंद नाही आहे. गोल सेलवाले बहुतेक उघडतात. हीट प्लेटवर थोडं गरम, पातळ पातं सांध्यात, हळूहळू फिरवायचं. आत पट्टी राहते फ्लेक्सची, वाकणाऱ्या पातळ सर्किटची, ती ओढली गेली का संपलं. दांडीवाल्यांत सेल लांब दांडीत राहते, ते काढायला कवच कापावं लागते, परत पहिल्यासारखं दिसत नाही. गिऱ्हाइकाला मी पहिलेच सांगतो, चालेल, पण शोभा जाईल. काही लोकं म्हणतात चालेल.

उमरेड_रोड

स्पीकरबद्दल कोणी लिहिलंच नाही! माझ्या मते खरा नायक तोच. दहा मिलिमीटरची पातळ फिल्म, तिला चिकटलेलं केसाहून बारीक तारेचं वेटोळं आणि मागे निओडिमियमचा चुंबक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या क्रोट यांनी स्वतंत्रपणे हा चुंबक शोधला नसता, तर एवढ्या जागेत एवढा जोर आलाच नसता. त्याच एका पडद्यावर तबल्याचा बायाँ आणि बासरीची फुंकर एकाच वेळी चालतात. पडदा एक, हालचाल एक, तरी दोन्ही वेगळे ऐकू येतात. हे मला अजून नवल वाटतं.

श्रवणा

उमरेड_रोड, त्यातलं वेगळं करण्याचं काम कान करतो. आतल्या शंखात वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या सुरांना हलतात. तेव्हा श्रेय वाटून घ्या. :)

एक व्यावहारिक : बेस अचानक कमी झाला किंवा एक बाजू बारीक झाली तर स्पीकर गेला असं धरू नका. आधी जाळी बघा, मळ साचलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशनं, बड उलटा धरून झाडा. सुई नको. आणि टोपीचं माप दोन्ही कानांना एकच लागेल असं नाही. डाव्याला मध्यम आणि उजव्याला लहान लागणारी कितीतरी माणसं आहेत.

प्रतापनगरकर

शेवटचा प्रश्न विचारून घेतो. माझ्या नव्या जोडीत डाव्याची बॅटरी नेहमी उजव्याच्या आधी संपते. सेल खराब आहे का?

मिहान_आरएफ

बहुतेक नाही. तुम्ही फोनवर बोलताना डावाच आधी घालत असाल तर तो मुख्य होतो. माइक त्याचा, फोनला पोच देण्याचं कामही त्याचं. ऐकणं दोघांचं सारखं, बोलणं एकाचं जास्त. काही दिवस उजवा आधी केसमधून काढा आणि फोनही उजव्या खिशात ठेवा. मग उजवा आधी संपायला लागला तर सेल चांगले आहेत. तरीही डावाच संपला, तर बर्डीवर भाऊंना दाखवा.

बर्डीचा_रिपेअरवाला

आणा. पण पहिले पिना पुसून पाहा, डाव्याचं चार्जिंगच अर्धं होत असन.